चार्टवर टॅप केलं आणि अमरावती गायब! डॅशबोर्डमधले फिल्टर नेमकं करतात तरी काय?

सोयाबीनच्या बाजारभावाचा एखादा डॅशबोर्ड फोनवर उघडलाय असं समजा. वर सरासरी दराचा मोठा आकडा, खाली वऱ्हाडातल्या बाजार समित्यांच्या आडव्या पट्ट्या, त्याखाली महिनाभराच्या दराची रेषा आणि शेवटी जातींचा एक छोटा चार्ट. त्या जातींच्या चार्टमध्ये 'पिवळा' या पट्टीवर बोट ठेवा. बाकीचे चार्ट क्षणात बदलतील. अकोला राहील. अमरावती मात्र पडद्यावरून नाहीशी होईल.

मग अमरावतीत सोयाबीन आलंच नव्हतं का? आलं होतं, आणि तेही पिवळंच. फक्त महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या रोजच्या बाजारभावाच्या यादीत अकोल्याच्या सोयाबीनपुढे जात म्हणून 'पिवळा' असं लिहिलेलं असतं आणि अमरावतीच्या सोयाबीनपुढे 'लोकल'. कॉम्प्युटरला सोयाबीन कळत नाही, शब्द कळतात. तुम्ही 'पिवळा' म्हणालात, त्याने 'पिवळा' शोधलं. त्याच्या हिशोबाने काम चोख झालं. पण गाडी अकोल्याला न्यायची की अमरावतीला, हे ज्याला तो पडदा बघून ठरवायचंय, त्याच्यासमोरचा एक आख्खा बाजारच गेला ना!

मी डॅशबोर्ड बनवण्याचं काम करतो. त्यात चार्ट काढणं हा सोपा भाग आहे. रेडीमेड लायब्ररी असतात, दहा ओळींत पट्ट्या उभ्या राहतात. खरा घोळ सुरू होतो तो चार्टवर बोट ठेवल्यावर. एका टॅपने काय लपलं, कशाची बेरीज बदलली आणि जे लपलं ते बघणाऱ्याला कळलं का, या तीन गोष्टी ठरवण्यातच बराचसा वेळ जातो. फिल्टर म्हणजे चाळणी. पण धान्य चाळताना चाळणीखाली काय पडलं ते डोळ्यासमोर दिसतं. पडद्यावर ते दिसत नाही, मुद्दाम दाखवावं लागतं.

यादीतून निवडणं वेगळं, चित्रावर बोट ठेवणं वेगळं

बाजारभावाच्या जुन्या पद्धतीच्या पोर्टलवर काय करावं लागायचं ते आठवा. आधी शेतमाल निवडा, मग राज्य, मग जिल्हा, मग बाजार, मग तारीख, मग बटण दाबा आणि तक्ता येण्याची वाट बघा. यात वाईट काही नाही. तुमचा प्रश्न आधीच पक्का असेल तर ही पद्धत उत्तम. पण बहुतेक वेळा प्रश्न पक्का नसतो. आधी काहीतरी दिसतं, मग प्रश्न पडतो. दराची रेषा एका दिवशी खाली का गेली? त्या दिवसावर बोट ठेवलं की खालच्या पट्ट्यांमध्ये दिसतं, त्या दिवशी अकोल्यात आवक नेहमीच्या दुप्पट होती. मग अकोल्यावर बोट ठेवायचं. म्हणजे पहिल्या चार्टचं उत्तर हाच पुढचा प्रश्न होतो. क्लिक करता येणाऱ्या चार्टची सगळी मजा एवढ्यात आहे.

ही कल्पना काही कालची नाही. १९८७ साली रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड या दोन संशोधकांनी एका आलेखातले ठिपके निवडले की शेजारच्या आलेखांतले तेच ठिपके उजळतात, अशी पद्धत मांडली. १९९२ च्या सुमाराला मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरं शोधण्याचा एक प्रोग्रॅम केला. किंमत, खोल्या वगैरेंच्या पट्ट्या सरकवल्या की वॉशिंग्टनच्या नकाशावरचे ठिपके लगेच कमी-जास्त व्हायचे. आज भाड्याची खोली किंवा बूट शोधताना तुम्ही किमतीची पट्टी सरकवता ना, तिचे हे पूर्वज. पुढे २०१२ मध्ये 'स्क्वेअर' कंपनीने 'क्रॉसफिल्टर' नावाची लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. त्यामुळे ब्राउझरमध्येच लाखो ओळी भराभर गाळता यायला लागल्या.

त्या लायब्ररीतला एक नियम मला फार आवडतो. ज्या चार्टवर तुम्ही बोट ठेवलं, तो चार्ट स्वतःच्याच फिल्टरने गाळला जात नाही. बाजारांच्या चार्टमध्ये 'अकोला' दाबलं, तर दराची रेषा अकोल्याची होते, वरचा आकडा अकोल्याचा होतो, पण बाजारांच्या चार्टमध्ये अमरावती, अकोट, दर्यापूर सगळे जागेवर राहतात, फक्त फिके होतात. असं नसेल तर काय होईल? 'अकोला' दाबताच तिथे अकोल्याची एकच पट्टी उरेल आणि अमरावतीवर जायला जागाच शिल्लक राहणार नाही. ज्या दारातून आत आलो ते दारच भिंतीत चिणल्यासारखं.

दुसरा प्रश्न म्हणजे बाकीच्या चार्टांनी काय करायचं? इथे दोन रस्ते आहेत. एक, निवडीबाहेरचं सगळं काढून टाकायचं. दोन, सगळं ठेवून फक्त निवडलेला हिस्सा गडद करायचा. पॉवर बीआयमध्ये पट्ट्यांच्या चार्टसाठी मुळात दुसरा रस्ता असतो. एका पट्टीवर क्लिक केलं की इतर पट्ट्या पूर्ण उंचीच्याच राहतात आणि त्यांच्यातला निवडीचा भाग तेवढा गडद दिसतो. 'तुरीच्या एकूण आवकेत अकोल्याचा वाटा किती' हे बघायचं असेल तर हाच रस्ता बरा, कारण एकूण किती हे समोर राहतं. 'अकोल्यात तुरीचे दर कसे हलले' हे बघायचं असेल तर गाळलेलंच बरं, कारण तिथे एकूणाचा काही उपयोग नाही. कुठल्या चार्टने कसं वागायचं ते बनवणाऱ्याला एकेक करून ठरवता येतं. बरेच जण ते न ठरवता जसं आलं तसं सोडतात आणि मग एकाच पडद्यावर एक चार्ट गाळतो, दुसरा फिका होतो, तिसरा ढिम्म. वापरणारा बिचारा म्हणतो, ॲप हँग झालंय.

'अकोला आणि अमरावती' म्हणजे नेमकं काय?

आपण सहज म्हणतो, "अकोला आणि अमरावतीचे भाव दाखव." कॉम्प्युटरला हे शब्दशः दिलं तर तो अशी नोंद शोधेल जिचा बाजार अकोलाही आहे आणि अमरावतीही आहे. अशी नोंद जगात नाही. उत्तर रिकामं. आपल्या बोलण्यातल्या 'आणि'चा अर्थ इथे 'किंवा' असा असतो. आतली अट साधारण अशी लिहावी लागते:

(बाजार = अकोला किंवा बाजार = अमरावती) आणि (शेतमाल = सोयाबीन)

एकाच प्रकारच्या निवडी 'किंवा'ने जोडायच्या, वेगवेगळ्या प्रकारच्या 'आणि'ने. शॉपिंग ॲपवर काळा आणि निळा असे दोन रंग निवडले की बूट वाढतात, पण साईझ निवडली की कमी होतात, ते याच नियमाने. तुम्ही हा नियम न शिकता रोज वापरता.

आता खास आपल्याकडचा घोळ. 'अमरावती' या नावावर बोट ठेवलं तर काय निवडलं गेलं? अमरावती बाजार समिती? अमरावती तालुका? अमरावती जिल्हा? की अमरावती विभाग? विभाग म्हणाल तर त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाचही जिल्हे येतात. म्हणजे एका अर्थाने अकोला हा 'अमरावती'च्या आतच आहे! शिवाय पणन मंडळाच्या यादीत 'अमरावती' आणि 'अमरावती- फळ आणि भाजीपाला' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. एकीत सोयाबीन-तूर, दुसरीत कांदे-टमाटे. नुसतं नाव जुळतंय का एवढंच बघणारा फिल्टर या दोन्ही नोंदी एकाच टोपलीत टाकतो.

अकोल्याचंही तसंच. अकोला जिल्हा निवडला तर अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर हे तालुकेही आले. अकोटचा कापूस बाजार स्वतःच्या नावाने ओळखला जातो. त्याला 'अकोला'मध्ये मिसळून सरासरी दाखवली तर अकोटचा व्यापारी ती बघणारच नाही. आणि वर्षांचा फिल्टर लांब ओढला तर अजून एक खड्डा. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीचा 'अकोला जिल्हा' आणि त्यानंतरचा 'अकोला जिल्हा' यांचे आकडे एकाच रेषेत जोडले, तर त्या वर्षी आवक कोसळली असं चित्र दिसेल. कोसळली नव्हती, नकाशा बदलला होता.

यावर माझा उपाय अगदी बिनडोक आहे, पण चालतो. फिल्टरवर नुसतं 'अमरावती' कधीच लिहायचं नाही. 'अमरावती बाजार', 'अमरावती जिल्हा (सगळे बाजार)', 'अमरावती विभाग (५ जिल्हे)' असं पूर्ण लिहायचं. फोनवर जागा कमी पडते म्हणून नावं कापली जातात, तेही टाळायचं. 'चांदूर बाजार' आणि 'चांदूर रेल्वे' हे दोन्ही 'चांदूर…' झाले तर बोट कुठे ठेवायचं?

आणि त्या 'पिवळा-लोकल'चं काय? काही जण म्हणतात दोन्ही गुपचूप एकत्र करून टाका. मला ते पटत नाही. मूळ नोंद बाजार समितीची आहे, ती आपण परस्पर बदलू नये. शिवाय सोयाबीनच्या नोंदींत 'डॅमेज' असाही प्रकार दिसतो, तो चुकून मिसळला तर सरासरी दर उगाच खाली येतो. मी असं करतो की जात निवडल्यावर चार्टखाली एक ओळ येते: 'या जातीची नोंद नसलेले बाजार: अमरावती…' आणि त्या ओळीवर टॅप केलं की ते बाजार त्यांच्या मूळ जातीसकट परत दिसतात. चाळणीखाली काय पडलं ते असं दाखवायचं.

सरासरीचा सापळा

फिल्टर बदलला की वरचा मोठा आकडा पुन्हा मोजावा लागतो, आणि बहुतेक डॅशबोर्ड इथेच फसवतात. समजा एका दिवशी अकोल्यात ४,००० क्विंटल सोयाबीन आलं आणि सर्वसाधारण दर होता ४,२०० रुपये. तेल्हाऱ्यात २०० क्विंटल आलं, दर ४,००० रुपये. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) दोन्ही बाजार निवडले. साधी सरासरी काढली तर ४,१०० येते. पण आवकेचं वजन धरून काढली तर येते साधारण ४,१९०. क्विंटलमागे ९० रुपयांचा फरक. चाळीस क्विंटल विकणाऱ्याला तो ३,६०० रुपयांचा आहे.

यादीत दराचे तीन रकाने असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. तिन्हींची वागणूक वेगळी. दोन बाजार निवडल्यावर किमान दर म्हणजे दोघांतला सर्वांत कमी, कमाल म्हणजे दोघांतला सर्वांत जास्त. किमान दरांची सरासरी काढून 'किमान दर' म्हणून दाखवणं म्हणजे दोन घरांच्या गेटची उंची बेरजेला घेण्यासारखं आहे, आकडा येतो पण अर्थ येत नाही. सर्वसाधारण दर म्हणजे बहुतांश माल ज्या दराने गेला तो दर. त्याची वजनी सरासरीही अंदाजच असते, पण साध्या सरासरीपेक्षा खूप बरा अंदाज. म्हणून मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'आवकेनुसार सरासरी, २ बाजार, ४,२०० क्विंटल' असं लिहिलेलं असलं पाहिजे. तुम्ही कुठलाही डॅशबोर्ड बघाल तेव्हा मोठ्या आकड्याआधी ही बारीक ओळ शोधा. नसेल तर तो आकडा कुणाला फॉरवर्ड करू नका.

असंच एक दुर्लक्षित प्रकरण म्हणजे हमीभावाची आडवी रेषा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, तुरीचा ७,५५०. सोयाबीनवरून तुरीवर टॅप केलं आणि आडवी रेषा ४,८९२ वरच राहिली, तर तूर हमीभावाच्या कितीतरी वर विकली जातेय असं दिसणार. हंगाम बदलला तरी रेषा हलली पाहिजे, कारण २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ झाला. आणि कापूस निवडला तर एक रेषा पुरतच नाही. मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० असे २०२५-२६ चे दोन भाव आहेत. २०२४ च्या शेवटी वऱ्हाडात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं जात होतं आणि त्यावरून बरीच ओरड होती. अशा वेळी ही एक रेषा चुकीच्या जागी असणं म्हणजे नुसती डिझाइनची चूक राहत नाही.

रेषेबरोबर मोजपट्टीही बघावी. फिल्टर लावला की बरेच चार्ट डावीकडची मोजपट्टी आपोआप ताणून घेतात. आधी ० ते ८,००० असलेली पट्टी ४,१०० ते ४,३०० होते आणि शंभर रुपयांची घसरण कड्यासारखी दिसायला लागते. कोविडच्या काळात कोविड१९इंडिया ही स्वयंसेवकांनी चालवलेली साइट अनेकांनी रोज उघडली असेल. राज्यावर क्लिक, मग जिल्ह्यावर क्लिक. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढत होते आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवडाभराचा लॉकडाऊन लागला. देशाच्या आकड्यात तेव्हा ही वाढ जेमतेम जाणवत होती, जिल्ह्यावर क्लिक केलं की ती समोर यायची. त्या साइटवर सगळ्या चार्टांना एकच मोजपट्टी लावायचा पर्याय होता. छोटीशी सोय, पण मोजपट्टी कधी ताणायची आणि कधी नाही हे त्यात बघणाऱ्याच्या हाती होतं. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी ती साइट बंद झाली. अजूनही मला तिच्यातून उदाहरणं काढावी लागतात.

शून्य आणि 'नोंद नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक

पोळ्याला बाजार बंद. दिवाळीत काही दिवस बंद. त्या दिवसांची नोंदच नसते. चार्टने ती जागा शून्याने भरली तर दराची रेषा जमिनीवर आपटून परत वर येते. ४,२०० वरून ० आणि परत ४,२००! तिथे रेषा तुटलेली दाखवायला हवी. आवकेच्या पट्टीतही 'शून्य क्विंटल' आणि 'बाजार बंद' हे वेगळे दिसले पाहिजेत. आणि सगळे फिल्टर मिळून काहीच उरलं नाही तर कोरा पडदा न दाखवता 'या निवडीत नोंद नाही, तारीख वाढवून बघा' असं सांगावं. कोरा पडदा दिसला की माणूस आधी नेटला शिव्या देतो, मग ॲप बंद करतो.

बोट जाडं, पट्टी बारीक

लॅपटॉपवर माउसचं टोक सुईसारखं असतं. फोनवर अंगठा असतो. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार टॅप करायची जागा किमान ४८ डीपी असावी, ॲपलच्या मते ४४ पॉइंट. म्हणजे बोटाच्या टोकाएवढी, साधारण ७ ते ९ मिलिमीटर. आता अकोल्याची आवक ४,००० आणि एखाद्या छोट्या बाजाराची ४० असेल, तर त्या छोट्या बाजाराची पट्टी केसाएवढी येणार. तिच्यावर बोट कसं पडणार? म्हणून फक्त रंगलेली पट्टी टॅपची जागा ठेवायची नाही. बाजाराच्या नावापासून उजव्या टोकापर्यंतची पूर्ण ओळ टॅप होऊ द्यायची. छोट्या बाजारालाही मोठ्या बाजाराएवढीच जागा मिळते. हे मला तत्त्व म्हणूनही आवडतं.

लॅपटॉपवर एकाहून जास्त पट्ट्या निवडायला कंट्रोल बटण दाबून क्लिक करतात. फोनला ते बटणच नाही. तिथे प्रत्येक टॅप निवडीत भर घालणारा आणि दुसरा टॅप ती काढणारा असावा, वर निवडींच्या छोट्या पट्ट्या फुलीसकट दिसाव्यात आणि 'सगळं दाखवा' हे बटण कायम हाताशी असावं. फिकेपणाचंही भान हवं. ऑफिसच्या एसीत बसून गडद आणि फिका हिरवा छान वेगळा दिसतो. बाजार समितीच्या आवारात दुपारच्या उन्हात दोन्ही सारखेच दिसतात. निवडलेल्या पट्टीला जाड काठ किंवा बरोबरची खूण द्या, नुसत्या रंगावर सोडू नका.

उशिरा आलेलं उत्तर

आता थोडं इंजिनाकडे बघू. टॅप केल्यावर हिशोब कुठे होतो? एक तर लांबच्या सर्व्हरवर, नाही तर तुमच्या फोनमध्येच.

सर्व्हरवर होत असेल तर प्रत्येक टॅपला निरोप जातो आणि उत्तर येतं. नेट चांगलं असेल तोवर ठीक. रेंज डळमळीत असली की एक विचित्र गोष्ट घडू शकते. तुम्ही 'अकोला' दाबलं. काही हललं नाही म्हणून लगेच 'अमरावती' दाबलं. अमरावतीचं उत्तर आधी आलं, चार्ट बदलला. दोन सेकंदांनी अकोल्याचं रखडलेलं उत्तर आलं आणि त्याने चार्ट पुन्हा बदलला. आता मथळ्यात 'अमरावती' आहे आणि पट्ट्या अकोल्याच्या! कुठेही लाल एरर नाही, काही अडकलेलं नाही, सगळं छान दिसतंय. माझ्या मते डॅशबोर्डमधली सर्वांत धोकादायक चूक ही, कारण ती चूक आहे असं वाटतच नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक टॅपला नंबर द्यायचा आणि उत्तर आलं की ते शेवटच्या नंबरचं आहे का बघायचं, नसेल तर फेकून द्यायचं. चार-पाच ओळींचं काम. तोवर चार्टवर 'आणतोय…' असं दिसू द्यायचं, जुने आकडे नव्या मथळ्याखाली ठेवायचे नाहीत.

बाजारभावासारख्या छोट्या कामाला मात्र मी हिशोब फोनमध्येच करतो. गणित बघा: समजा ४० बाजार, ५ शेतमाल आणि वर्षात ३०० दिवस. झाल्या ६०,००० ओळी. एका ओळीला ५० बाइट धरले तर ३ एमबी. व्हॉट्सॲपवरच्या एका छोट्या व्हिडिओएवढं. एकदा उतरवून घेतलं की पुढचा प्रत्येक टॅप नेटशिवाय आणि पापणी लवायच्या आत. शेतमाल वाढवले, दहा वर्षांचा डेटा आणला की मग सर्व्हरकडे जावं लागतं, पण सुरुवातीपासून तिकडे पळायची गरज नाही.

स्क्रीनशॉट काढण्याआधी

आपल्याकडे डॅशबोर्ड लिंकने फिरत नाही, स्क्रीनशॉटने फिरतो. गावाच्या ग्रुपवर एक चित्र येतं: मोठ्या अक्षरात दर आणि खाली चढती रेषा. वरची फिल्टरची पट्टी कापलेली. तो दर कुठल्या बाजाराचा, कुठल्या जातीचा, कुठल्या तारखांचा, काही पत्ता नाही. म्हणून फिल्टरची माहिती पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवून भागत नाही. प्रत्येक चार्टच्या मथळ्यातच ती बसवावी लागते, 'सोयाबीन, अकोला बाजार, पिवळा, १ ते १५ नोव्हेंबर' अशी. मग चित्र कसंही कापलं तरी चार्टसोबत त्याची ओळख जाते. लिंक पाठवायची असेल तर निवडी लिंकमध्येच लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे समोरच्याने उघडल्यावर त्यालाही तेच दिसेल जे तुम्हाला दिसत होतं. अंतिम तारीख मात्र लिंकमध्ये 'आज' अशी ठेवायची की नक्की तारीख, हे विचार करून ठरवा. 'आज' ठेवली तर आठवड्याने उघडणाऱ्याला वेगळाच चार्ट दिसेल आणि भांडण तुमच्याशी होईल.

हे करून बघायला कोडिंग यायलाच पाहिजे असं नाही. पणन मंडळाच्या साइटवरून आठवडाभराचे सोयाबीनचे भाव गूगल शीट्समध्ये उतरवा. बाजार, जात, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण आणि तारीख असे रकाने ठेवा. एक पट्टीचा चार्ट काढा आणि 'स्लायसर' जोडा, ही सोय लॅपटॉपवर नीट दिसते. चार्टवरच टॅप करून गाळायचं असेल तर तीच शीट लुकर स्टुडिओला जोडा आणि चार्टच्या सेटिंगमध्ये क्रॉस-फिल्टरिंग चालू करा, दोन्ही फुकट आहे. मूर्तिजापूरचं नाव शीटमध्ये 'मुर्तीजापूर', 'मुर्तिजापूर' असं दोन-तीन प्रकारे आलं असेल तर ते आधी एकसारखं करून घ्या, नाहीतर एकाच गावाच्या तीन पट्ट्या दिसतील.